‘या खरेदीतला एक रुपया गरजूंना’: हा रुपया शोधायचा कसा?

दिवाळीच्या तोंडावर सांगलीच्या गणपती पेठेतून किंवा मारुती रोडवरून एक चक्कर मारली की फराळाच्या बॉक्सवर, उटण्याच्या पाकिटावर, वह्यांच्या गठ्ठ्यावर कुठे ना कुठे असं वाक्य भेटतंच: ‘तुमच्या खरेदीतून एका मुलीचं शिक्षण’, ‘प्रत्येक पाकिटामागे ₹१ गरजूंना’. कृष्णेला २०१९ आणि २०२१ साली महापूर आला, त्यानंतर तर ‘पूरग्रस्तांसाठी’ हा शब्द नसलेली ऑफर शोधावी लागत होती. घराघरातला चिखल निघाला, भिंती वाळल्या, रंगही देऊन झाले, तरी काही दुकानांच्या काचेवरचे ते स्टिकर तसेच होते. कुणाला किती गेले असं विचारलं की काउंटरवरचा पोरगा मालकाकडे बघतो आणि मालक कंपनीच्या सेल्समनचा नंबर देतो.

मी एका छोट्या नोंदणीकृत संस्थेचा जमाखर्च बघते. काम जत भागातल्या मुलींच्या शिक्षणाचं. त्यामुळे हा प्रकार मला दोन्हीकडून दिसतो. दुकानात मी गिऱ्हाईक असते, आणि ‘तुमच्या संस्थेचं नाव आमच्या पाकिटावर छापू का’ असं विचारायला कंपनीची माणसं येतात तेव्हा टेबलाच्या पलीकडे. अशा दाव्यांचा माग काढायचा म्हणजे कुठून सुरुवात करायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नव्याने बघणाऱ्यांची तेवढी पायपीट वाचावी म्हणून हे लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. पाकिटावरचं हे वाक्य जाहिरात आहे असं धरूनच चाला. त्यामागे खरंच दान असेल तर ते कागदावर दाखवणं कंपनीचं काम आहे. आपण ‘असेल बुवा’ म्हणून विश्वास ठेवायचं काही कारण नाही. या पद्धतीचा जन्मच जाहिरातीतून झाला आहे. १९८३ साली अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीने न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी योजना काढली: कार्ड वापरलं की एक सेंट, नवीन कार्ड घेतलं की एक डॉलर. पुतळ्याला साधारण १७ लाख डॉलर मिळाले आणि कार्डाचा वापर २८ टक्क्यांनी वाढला असं सांगितलं जातं. पुतळ्याचं भलं झालं हे खरंच. पण त्यानंतर जगभरच्या मार्केटिंगवाल्यांनी जो धडा घेतला तो त्या २८ टक्क्यांचा होता.

काय काय जवळ ठेवायचं

- पाकिटाचे स्वच्छ फोटो, पुढून, मागून आणि घडीच्या आतून सुद्धा
- बिल. दुकानदार कच्चं देत असेल तर पक्कं मागून घ्या. तक्रारीत कच्च्याला वजन नसतं
- जाहिरात पेपरात, होर्डिंगवर किंवा मोबाइलवर पाहिली असेल तर तारखेसह तिचा फोटो किंवा स्क्रीनशॉट
- एक ईमेल पत्ता, म्हणजे विचारपूस लेखी राहते. फोनवर ‘हो मॅडम, नक्की मॅडम’ होतं आणि हातात काही उरत नाही
- मोबाइलमधला कॅल्क्युलेटर

पाकीट फेकू नका. बॅच नंबर आणि तारीख त्याच्यावरच असते.

१. आधी वाक्य वाचा, मग त्याच्याखालची बारीक अक्षरं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. निम्म्या गोष्टी इथेच कळतात.

गेल्या सणात हातात आलेल्या एका पाकिटाचं सांगते. पुढे पिवळ्या अक्षरांत ‘आपण मिळून शिकवूया’, शेजारी दोन वेण्या घातलेली, पाटी धरलेली हसरी मुलगी. ‘प्रत्येक पाकीट = ₹१’. मागे बारकोडच्या खाली, जिथे बॅच नंबरची शाई फासटलेली असते तिथे, मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘कंपनी या उपक्रमासाठी कमाल ₹३ लाख देईल. चित्र प्रातिनिधिक आहे.’ संस्थेचं नाव नव्हतं, योजना कधी संपणार तेही नव्हतं. पुढची बाजू वाचणारा माणूस आणि मागची बाजू वाचणारा माणूस हे दोन वेगवेगळ्या वस्तू विकत घेत होते म्हणा ना.

तर वाक्याची जात ओळखायला शिका.

‘विक्रीतला काही हिस्सा’. काही म्हणजे किती? आकडा नसेल तर शून्याच्या वरचं काहीही त्यात बसतं. याला मी दावाच मानत नाही.

‘नफ्यातला हिस्सा’. हे ऐकायला मोठं आणि प्रत्यक्षात सगळ्यात निसरडं. नफा कशाचा, या उत्पादनाचा की अख्ख्या कंपनीचा? जाहिरातीचा खर्च वजा करून की आधीचा? नवीन माल बाजारात आणला की पहिली काही वर्षं तो तोट्यातच दाखवला जातो. तोट्यातला हिस्सा देणार कसा?

‘प्रत्येक नगामागे अमुक रुपये’. हे त्यातल्या त्यात तपासण्यासारखं. आयटीसीच्या क्लासमेट वह्यांवर चार वह्यांमागे एक रुपया असं छापलेलं आपल्या मुलांच्या दप्तरात तुम्ही पाहिलं असेल. म्हणजे वहीमागे पंचवीस पैसे. रक्कम किरकोळ आहे, पण निदान ती स्पष्ट लिहिलेली आहे आणि गुणाकार करता येतो. पुढच्या पायऱ्या अशा दाव्यालाही लावायच्याच.

‘कमाल अमुक रकमेपर्यंत’. मर्यादा. हा सापळा नीट समजून घ्या. अमेरिकेत १९९९ साली योप्लेट दह्याच्या डब्यांवर झाकण परत पाठवलं की ५० सेंट कर्करोग संशोधनाला, अशी योजना होती. लोकांनी ९४ लाखांवर झाकणं पाठवली. हिशेबाने ४७ लाख डॉलर होतात. पण कंपनीने बारीक अक्षरांत १ लाख डॉलरची मर्यादा घातली होती. जॉर्जिया राज्याच्या महाधिवक्त्यांनी हरकत घेतल्यावर आणखी ६३ हजार डॉलर द्यावे लागले. बाकीची झाकणं लोकांनी धुऊन, स्वतःचं टपाल खर्चून पाठवली, त्यांच्यामागे छदामही गेला नाही.

‘आम्ही अमुक कार्याला पाठिंबा देतो’. यात पैशाचा उल्लेखच नाही. गुलाबी फीत (स्तनाच्या कर्करोगाविरुद्धच्या मोहिमेची खूण), झाडाचं चित्र, दोन हातांचं चिन्ह छापणं म्हणजे देणगी नव्हे.

आणखी एक बघायचं: तुम्ही घेतल्यामुळे काही फरक पडतो का? २०१० मध्ये अमेरिकेत केएफसीने स्तनाच्या कर्करोगासाठी गुलाबी बकेट काढली, बकेटमागे ५० सेंट. पण ही रक्कम दुकानचालकांनी कंपनीकडून किती बकेटी मागवल्या त्यावर ठरत होती. गिऱ्हाइकाने ती घेतली काय आणि न घेतली काय, देणगीत फरक पडत नव्हता. आणि तळलेली कोंबडी विकून कर्करोगाशी लढायचं, यावर तिथे भरपूर टीका झाली ती वेगळीच.

२. भागाकार करा

वरच्याच पाकिटावर करू. किंमत ₹१८०, देणगी ₹१. म्हणजे शंभराला छप्पन पैसे. दुकानदाराचं मार्जिन, वितरकाचं मार्जिन, पाकिटाची छपाई यांतला कुठलाही आकडा याच्यापेक्षा मोठा असतो.

आता मर्यादा लावा. ₹३ लाख म्हणजे पहिली ३ लाख पाकिटं, विक्री ₹५ कोटी ४० लाखांची. समजा कंपनीने २० लाख पाकिटं छापली. मग उरलेल्या १७ लाखांवर तेच वाक्य, तीच दोन वेण्यांची मुलगी, आणि देणगी शून्य. तुमच्या हातातलं पाकीट कितवं, हे तुम्हालाही माहीत नाही, दुकानदारालाही नाही.

मग किंमत बघा. ‘दानाच्या’ पाकिटाचं वजन आणि साध्या पाकिटाचं वजन एकच आहे का? एमआरपीच्या शेजारी प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली किंमत छापलेली असते, ती दोन्हींवर ताडून बघा. सणाच्या गिफ्ट बॉक्समध्ये ही गंमत हमखास सापडते: डबा मोठा, आत पुठ्ठ्याचे कप्पे, माल कमी, आणि झाकणावर समाजसेवा. बॉक्स साध्या मालापेक्षा ₹४० महाग असेल आणि त्यातले ₹२ देणगीला जात असतील, तर उरलेले ₹३८ तुम्ही पुठ्ठ्याला दिले.

जाहिरातीवरचा खर्चही डोक्यात असू द्या. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रॉडक्ट रेड’ या मोहिमेत मोठमोठे ब्रँड एड्सविरोधी कामासाठी लाल रंगाच्या वस्तू विकू लागले. पुढच्याच वर्षी ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग एज’ या नियतकालिकाने छापलं की जाहिरातीवर सुमारे १० कोटी डॉलर गेले आणि निधी जमला १ कोटी ८० लाख. मोहिमेने हे आकडे फेटाळले, आणि पुढे त्यांनी ग्लोबल फंडाला (एड्स, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्धच्या कामाला पैसा देणारा आंतरराष्ट्रीय निधी) ७० कोटी डॉलरहून जास्त मिळवून दिले हेही लिहायला हवं. पण प्रश्न रास्त होता आणि तो आपल्या गावातल्या होर्डिंगलाही लागू आहे.

३. पैसे कंपनीच्या कुठल्या खिशातून येतात?

इथे बरेच जण गडबडतात, म्हणून थोडं कायद्याचं.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ₹५०० कोटी, किंवा उलाढाल ₹१००० कोटी, किंवा निव्वळ नफा ₹५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावीच लागते. हाच तो सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी. ही रक्कम तुम्ही पाकीट घ्या की घेऊ नका, जाणारच असते.

आणि जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांत स्पष्ट आहे की आपल्या मालाला मार्केटिंगचा फायदा मिळावा म्हणून प्रायोजकत्वाच्या स्वरूपात केलेला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही.

म्हणून कंपनीला विचारायचा प्रश्न असा: हा रुपया सीएसआरमधला आहे का त्याव्यतिरिक्त? ‘सीएसआरमधला’ असं उत्तर आलं तर तो कायद्याने द्यायचाच होता, तुमच्या खरेदीने त्यात भर पडली असं म्हणता येत नाही. शिवाय मग तो विक्रीच्या पाकिटावर कसा, हा प्रश्न उभा राहतो. ‘वेगळा आहे’ असं उत्तर आलं तर उत्तम, मग कुठल्या खात्यातून गेला ते दाखवा म्हणायचं.

मोठ्या कंपनीचा सीएसआर अहवाल तिच्या वेबसाइटवर वार्षिक अहवालाबरोबर असतो. केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवरही कंपनीचं नाव टाकून वर्षवार खर्च बघता येतो. मात्र तिथली माहिती मागच्या वर्षांची असते. यंदाच्या दिवाळीचा हिशेब यंदा सापडणार नाही.

कुपवाडच्या एमआयडीसीतले छोटे उद्योग, गावातली मिठाईची दुकानं, कापड दुकानं ही बहुतेक या कायद्याच्या चौकटीत येतच नाहीत. त्यांना पुढची पायरी लावा.

४. घेणारी संस्था कोण?

पाकिटावर नाव नसेल तर तिथेच थांबा. ‘आमचे एनजीओ पार्टनर’ हे नाव नाही.

नाव असेल तर महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते. सांगली आणि साताऱ्यात त्यांची जिल्ह्याची कार्यालयं आहेत. नोंदणी क्रमांकात एक अक्षर, आकडा आणि जिल्हा असतो, ‘एफ-…/सांगली’ अशा धर्तीचा. धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर नाव टाकून आधी शोधा. नाही सापडलं तर कार्यालयात अर्ज करून हिशेबाच्या नकला मागता येतात. मागायचं ते नाव घेऊन मागा: त्या वर्षाचा ताळेबंद म्हणजे अनुसूची ८ आणि उत्पन्न-खर्चाचं पत्रक म्हणजे अनुसूची ९. नुसतं ‘संस्थेची माहिती द्या’ म्हटलं तर कारकून तुम्हाला हसतमुखाने उद्या बोलावेल.

सापळे असे:

घेणारी संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली नोंदलेली, म्हणजे नफा वाटून न घेणारी कंपनी असेल तर ती धर्मादायच्या यादीत दिसणार नाही. घाबरून जाऊ नका, ती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शोधायची.

नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक म्हणजे संस्थेची नोंद आहे एवढंच. कामाच्या चांगुलपणाचं ते प्रमाणपत्र नाही, पण तसं भासवलं जातं.

बऱ्याचदा घेणारी संस्था म्हणजे कंपनीचंच फाउंडेशन निघतं. विश्वस्तांत त्याच घरची आडनावं. यात बेकायदा काही नाही आणि अशी काही फाउंडेशनं मनापासून काम करतात. मात्र पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, तिथून पुढे गेला का हे बघणं आपल्याकडेच येतं.

आणि तो फोटो! फोमच्या बोर्डावर छापलेला चार फुटी चेक, त्याला धरलेले सहा जण. हा पुरावा नाही. संस्थेच्या त्या वर्षीच्या हिशेबात तेवढी जमा दिसली तर पुरावा.

५. काउंटरवर आणि अ‍ॅपवर

इथली गंमत वेगळी आहे. ‘बिल राउंड करून वरचे तीन रुपये मुलांसाठी देऊ का?’ असं मॉलमध्ये विचारतात. ते तीन रुपये तुमचे आहेत, कंपनीचे नाहीत. वर्षाअखेरीला कंपनी ‘आम्ही इतके लाख जमवले’ असं सांगते तेव्हा त्यात तिने स्वतः किती घातले ते विचारा. ‘आमच्या ग्राहकांच्या साथीने’ या शब्दांत बरंच काही झाकलं जातं.

अ‍ॅपवर खरेदी करताना शेवटच्या पानावर देणगीची खूण आधीच केलेली असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’बद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात असे १३ प्रकार दिले आहेत. तुम्हाला न विचारता टोपलीत देणगी घालणं हा त्यातला एक. ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणारं वाक्य दाखवणं हा दुसरा. तेव्हा खूण काढायची, ओशाळायचं नाही, आणि स्क्रीनशॉट आधी घ्यायचा. खूण काढल्यावरचा स्क्रीनशॉट काही कामाचा नाही.

६. कंपनीला लेखी विचारा

ग्राहक सेवेचा ईमेल पाकिटावर असतोच. मजकूर फार सजवू नका. मी वापरते तो असा आहे, उचलून घ्या:

> नमस्कार,
> आपल्या (उत्पादन, वजन, बॅच नंबर) या पाकिटावर ‘…’ असं छापलं आहे. ते मी (तारीख) रोजी सांगलीत विकत घेतलं. पाकिटाचे आणि बिलाचे फोटो जोडले आहेत. कृपया पुढील माहिती द्यावी.
> १) प्रत्येक नगामागे नेमकी किती रक्कम दिली जाते?
> २) योजनेची सुरुवात, शेवट आणि कमाल मर्यादा काय? मर्यादा गाठली गेली आहे का?
> ३) रक्कम घेणाऱ्या संस्थेचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक काय?
> ४) ही रक्कम आपल्या सीएसआर खर्चात धरली जाते का?
> ५) आजवर किती रक्कम, कोणत्या तारखेला दिली?
> ६) या योजनेचा लेखापरीक्षित हिशेब कुठे बघायला मिळेल?
> पंधरा दिवसांत उत्तराची अपेक्षा आहे.

उत्तरात आकडे आले की समजा माणसं बरी आहेत. उत्तरात ‘समाजाचं ऋण’, ‘मूल्यं’, ‘प्रवास’ असले शब्द आले आणि एकही आकडा नाही, तर प्रश्न क्रमांक टाकून तेच पत्र परत पाठवा. ‘ही माहिती गोपनीय आहे’ असंही येतं. पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेली गोष्ट गोपनीय कशी, हे एका ओळीत विचारून टाका.

कुणीतरी हमखास सांगेल, ‘माहिती अधिकार टाक की!’ खासगी कंपनीला तो थेट लागू होत नाही. संस्थेने धर्मादाय कार्यालयात भरलेली कागदपत्रं मात्र त्या कार्यालयाकडून मागता येतात.

घेणाऱ्या संस्थेलाही त्याच दिवशी मेल टाका. छोट्या संस्था बहुतेक वेळा खरं सांगतात. कधी कधी तर आपलं नाव छापलं गेलं आहे हे त्यांना तुमच्याच मेलने कळतं.

७. उत्तर नाही आलं किंवा खोटं निघालं तर

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत खोटं वर्णन तर आहेच, शिवाय महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणंही आहे. म्हणजे मागच्या बाजूला मुंगीएवढी मर्यादा लपवणं हा वाद घालण्यासारखा मुद्दा आहे.

सोपं ते आधी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीतही बोलता येतं, तक्रार क्रमांक मिळतो, कंपनीकडे पाठपुरावा होतो. पुष्कळ कंपन्या पहिलं खरं उत्तर इथूनच देतात.

जाहिरातीपुरतीच तक्रार असेल तर भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे अ‍ॅस्की. वेबसाइटवर फोटो टाकून तक्रार होते. ही जाहिरात क्षेत्राची स्वतःची संस्था आहे. ती जाहिरात बदलायला किंवा मागे घ्यायला सांगते, भरपाई देत नाही.

त्याच्या वर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ते ₹१० लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास ₹५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. फारसं कुणाला माहीत नसतं, पण ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ही तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. विजयनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आवक-जावकला अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात ₹५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, मुदत दोन वर्षांची. पण ₹१८० च्या पाकिटासाठी तारखा करायच्या का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी असते तर १९१५ आणि जिल्हाधिकारी इथवर जाऊन थांबले असते.

८. तुम्ही संस्था चालवत असाल आणि कंपनी दारात आली तर

ही पायरी माझ्या जिव्हाळ्याची, म्हणून जरा सविस्तर.

एका कंपनीने आमच्याकडे पाठवलेल्या प्रस्तावात मार्केटिंगचं अंदाजपत्रक चुकून जोडलेलं राहिलं होतं. त्यात चेक देण्याच्या कार्यक्रमाचा मंडप, फोटोग्राफर, निवेदक, फ्लेक्स आणि तो फोमचा चेक यांचा मिळून खर्च आम्हाला द्यायच्या किमान रकमेपेक्षा जास्त होता. आलेल्या गृहस्थांना ते दाखवलं तर म्हणाले, ‘मॅडम, ते वेगळं हेड आहे.’ खरंच होतं त्यांचं. हेड वेगळं होतं.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी ठरावात लिहून ठेवल्या आहेत.

किमान रक्कम आधी, विक्री होवो न होवो. ‘सेलवर डिपेंड आहे’ म्हणणाऱ्याला चहा पाजायचा आणि निरोप द्यायचा.

पाकिटावर छापायचं वाक्य शब्दश: कराराला जोडायचं, अक्षरांच्या आकारासह. बदल करायचा तर आमची लेखी संमती.

शेवटची तारीख, आणि त्यानंतर उरलेल्या मालाचं काय करायचं. नाही तर तुमचं नाव तासगावच्या एखाद्या दुकानात दोन वर्षांनीही फळीवर दिसेल.

विकलेल्या नगांचा आकडा कंपनीच्या सीएच्या सहीने.

मुलींचे फोटो नाहीत. पालकांनी हो म्हटलं तरी नाहीत. शाळेची फी भरायला मदत घेतली म्हणून सातवीतल्या पोरीने साबणाच्या वेष्टनावर का हसायचं? यावरून बोलणी फिसकटली तर फिसकटू द्या.

नाव आणि बोधचिन्ह वापरू देण्याचा मोबदला म्हणून आलेले पैसे देणगी ठरतीलच असं नाही. प्राप्तिकर आणि जीएसटी दोन्ही मागे लागू शकतात. करार सही होण्याआधी आपल्या सीएला दाखवा. परदेशी कंपनीचा पैसा असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय हात लावायचा नाही.

आणि नाही म्हणता येतं. गुलाबी फितीच्या आधी पीच रंगाची फीत होती. शार्लट हेली नावाच्या अमेरिकन बाई ती घरी बनवून वाटायच्या. कर्करोग प्रतिबंधावर सरकारने जास्त खर्च करावा ही त्यांची मागणी. ‘सेल्फ’ मासिक आणि एस्टी लॉडर कंपनीने त्यांना एकत्र काम करू म्हणून विचारलं. फार व्यापारी वाटतं म्हणून बाईंनी नकार दिला. १९९२ मध्ये रंग बदलून तीच फीत गुलाबी झाली आणि जगभर विकली गेली. हेली यांची मागणी मात्र त्या फितीबरोबर गेली नाही.

९. पैसे द्यायचेच असतील तर

वस्तू हवी असेल तर वस्तू म्हणून घ्या, भाव आणि दर्जा बघून. मदत वेगळी करा. वर्षभरात अशा पाकिटांमधून तुमच्या नावाने जेवढे रुपये जातील, त्याच्या कितीतरी पट एका वेळी थेट देता येतात.

पाकीट घेतल्याने देणगीवरची प्राप्तिकराची सवलत (जिला ‘८०जी’ म्हणतात) मिळत नाही, कारण ती खरेदी आहे, देणगी नाही. थेट देताना संस्थेला ८०जीची मान्यता आहे का विचारा, पॅन द्या, पावती घ्या आणि देणगीचं प्रमाणपत्र मागून ठेवा. ₹२००० च्या वर रोख दिली तर वजावट नाही. आणि तुम्ही नवीन कर प्रणाली घेतली असेल तर ८०जीचा फायदा तसाही नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. मार्चमध्ये पावत्यांचा गठ्ठा घेऊन आमच्याकडे येणारे दरवर्षी असतात.